बाटलीतला काटा

भिगवण रस्त्यावर बारामती एमआयडीसीच्या तोंडाशी जो पेट्रोल पंप आहे, तिथे पहिली पाळी सुटायच्या वेळेला जाऊ नये. रिक्षांच्या कारखान्यातली मंडळी, दूध प्रकल्पातली मंडळी, कापडाच्या कारखान्यातल्या मुली घेऊन निघालेल्या गाड्या असा सगळा मेळा तिथे एकाच वेळी उतरतो. यंदाच्या गळीत हंगामाच्या तोंडावर नेमक्या त्याच वेळेला मी आणि आमचे दाजी रांगेत उभे होतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. इंदापूर तालुक्यात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर त्यांचा चार एकर ऊस आहे. मी जन्मभर पोरांना रसायनशास्त्र शिकवलं म्हणून ते मला 'मास्तर' म्हणतात, आणि त्या म्हणण्यात आदर किती आणि चेष्टा किती हे चाळीस वर्षांत मला नीटसं उमगलेलं नाही.

पंपावरच्या पोराने मोटारसायकलच्या टाकीत नळी घातली. आकडे पळू लागले. दाजी ते आकडे बघत म्हणाले, "मास्तर, ह्या पेट्रोलमधी वीस टक्के इथेनॉल हाय म्हणत्यात. त्यात उसाचं खरंच किती आन् नुसतं सांगायचं किती, ते तुमच्या केमिस्ट्रीला कळतंय का?"

मी हसलो. दाजी हसले नाहीत.

न हसण्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी त्यांनी उसाची भरलेली ट्रॉली कारखान्याकडे जाताना वाटेतल्या खाजगी धर्मकाट्यावर तोलून घेतली होती. पुढे कारखान्याच्या काट्यावर तीच ट्रॉली दोन क्विंटलांनी हलकी भरली. दोन्ही पावत्या घेऊन ते महिनाभर हिंडले. कोणी म्हणालं बाहेरचा काटा खोटा, कोणी म्हणालं वाटेत ऊस सांडला असेल. कारखान्याचं नाव इथे घेण्यात अर्थ नाही, कारण ऊस पिकवणाऱ्या कुठल्याही गावात ही तक्रार ऐकायला मिळेल. खरा काटा कोणता हे शेवटपर्यंत ठरलंच नाही. वजन दुसऱ्याच्या काट्यावर, उतारा दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत, भाव दुसऱ्याच्या बैठकीत. ऊसवाल्याचं सगळं आयुष्य अशा मापांवर उभं असतं, जी त्याला स्वतःला कधी मोजून बघता येत नाहीत. त्यामुळे दाजींचा प्रश्न केमिस्ट्रीचा दिसला तरी तो मुळात काट्याचाच होता.

मी म्हटलं, "कळतं दाजी. पण सांगायला वेळ लागेल." तो वेळ त्या दिवशी मिळाला नाही. म्हणून हा लेख.

सगळी दारू सारखीच

आधी अडचण समजून घेऊ. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझा एक जुना विद्यार्थी काम करतो. त्याच्याकडे गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र आहे. त्यात पेट्रोलचा थेंब टाकला की इथेनॉल किती टक्के ते अर्ध्या तासात कागदावर येतं. पण ते इथेनॉल आलं कुठून, हे ते यंत्र सांगू शकत नाही. उसाच्या मळीतून काढलेलं इथेनॉल आणि खनिज तेलापासून निघणाऱ्या एथिलीनमधून कारखान्यात बनवलेलं इथेनॉल, दोन्हीचा रेणू एकच. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. उकळायचं तापमान तेच, वास तोच, नशाही तीच.

फरक आहे तो कार्बनच्या वयात. आकाशातून सतत कोसळणाऱ्या विश्वकिरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांत नायट्रोजनच्या काही अणूंचं रूपांतर कार्बन-१४ या किरणोत्सर्गी कार्बनमध्ये होतं. तो ऑक्सिजनशी मिसळून कार्बन डायऑक्साइड बनतो, आणि उसाचं पान तो इतर कार्बनबरोबर भेदभाव न करता शोषून घेतं. प्रमाण अगदी किरकोळ. साधारण एकावर बारा शून्यं इतक्या कार्बन अणूंमागे एक. पण तो शांत बसत नाही. ५,७३० वर्षांत त्यातले निम्मे अणू फुटून पुन्हा नायट्रोजन होतात, आणि प्रत्येक फुटणारा अणू एक वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेलं. त्यातला कार्बन-१४ केव्हाच संपला. गेल्या वर्षीच्या उसात मात्र तो ताजा आहे.

हिशोब करून पाहण्यासारखा आहे. जिवंत पिकातल्या एक ग्रॅम कार्बनमध्ये मिनिटाला सुमारे १३.६ अणू फुटतात. एक लिटर इथेनॉलचं वजन ७८९ ग्रॅम, त्यातला कार्बन साधारण ४१२ ग्रॅम. म्हणजे उसाच्या एक लिटर इथेनॉलमध्ये दर मिनिटाला ५,६०० अणू फुटत असतात. तेलापासून केलेल्या एक लिटर इथेनॉलमध्ये शून्य. दाजींच्या टाकीतल्या वीस टक्के मिश्रणाच्या एका लिटरात मिनिटाला अकराशेच्या वर. यात घाबरण्यासारखं काही नाही. आपल्या स्वतःच्या शरीरात कार्बन-१४चे तीन हजारांहून अधिक अणू दर सेकंदाला फुटत असतात आणि आपण त्यासकट जेवतो, झोपतो, भांडतो.

कार्बन-१४वरून काळ ठरवण्याची ही युक्ती विलर्ड लिबी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकाच्या अखेरीस काढली आणि तिच्यासाठी १९६०चं नोबेल मिळवलं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६०च्या दशकात अशी प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे नमुना वायूच्या रूपात मोजत. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने जे उत्खनन केलं, तिथल्या ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांच्या वस्तीचा इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० हा काळ ठरवताना याच कार्बनचा आधार घेतला गेला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचं वय सांगणारा कार्बन आजच्या शेतकऱ्याच्या उसाची साक्ष का देणार नाही?

इलेक्ट्रॉनचा केसभर प्रवास

प्रश्न एवढाच, की ही साक्ष ऐकायची कशी? कार्बन-१४मधून निघणारा इलेक्ट्रॉन फार अशक्त. बाटलीच्या काचेतूनही तो बाहेर पडत नाही. द्रवात त्याची सरासरी धाव माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. बाहेर यंत्र ठेवून उपयोग नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला: तो बाहेर येत नसेल तर ज्या द्रवात तो फिरतो त्या द्रवालाच बोलतं करू. इथेनॉल एका खास सेंद्रिय द्रवात मिसळायचं, आणि प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे त्या द्रवाने एक निळसर चमक दाखवायची. दोन बाजूंनी दोन प्रकाशग्राही नळ्या लावून त्या चमका मोजायच्या. दोन्ही नळ्यांना एकाच वेळी दिसलेली चमक तेवढी खरी धरायची, एकीलाच दिसली तर तो नळीचा भास. दोन साक्षीदारांशिवाय नोंद नाही.

हा खास द्रव म्हणजे टोल्युइन, झायलीन किंवा लिनियर अल्किल बेंझीन यांसारखं काहीतरी. यातलं शेवटचं नाव परकं वाटलं तरी वस्तू घरातली आहे. कपडे धुण्याच्या पावडरीचा मूळ कच्चा माल तो हाच. त्याला गंधकाम्लाच्या जातीच्या रसायनांनी संस्कार दिला की फेस करणारं द्रव्य होतं. या सगळ्या द्रवांत एक गोष्ट समान आहे. त्यांच्या रेणूत सहा कार्बनचं बेंझीनचं कडं असतं आणि त्या कड्यावर काही इलेक्ट्रॉन सैलसर फिरत असतात. चमक येते ती त्या सैलपणातून.

आता एका इलेक्ट्रॉनची गोष्ट अगदी सावकाश बघू. सावकाश म्हणजे किती? प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, तो फक्त एक फूट जातो. त्या नॅनोसेकंदाचेही हजार भाग केले तर एक पिकोसेकंद. एवढ्यात प्रकाश जेमतेम मोहरीच्या दाण्याच्या अंशभर सरकतो. आपली गोष्ट या मापात घडते.

फुटलेल्या कार्बनमधून सुटलेला इलेक्ट्रॉन गर्दीत घुसलेल्या बैलासारखा रेणूंना धडका देत जातो. त्या केसभर प्रवासात तो हजाराहून अधिक रेणूंचा एकेक इलेक्ट्रॉन उडवून लावतो आणि आणखी कित्येकांना नुसतंच हलवून सोडतो, म्हणजे 'उत्तेजित' करतो. उडालेले इलेक्ट्रॉन फार लांब जात नाहीत. पिकोसेकंदाच्या आतबाहेर त्यांचा जोर ओसरतो, आणि टोल्युइनसारख्या द्रवात मागे राहिलेल्या धन भाराची ओढ इतकी असते की बहुतेक जण काही पिकोसेकंदांतच आपल्या मूळ रेणूकडे परततात. परत येताना ते ऊर्जा घेऊन येतात, आणि रेणू पुन्हा उत्तेजित होतो. उत्तेजित रेणू सुरुवातीला उंच पायरीवर असला तरी भराभर खाली उतरून सर्वांत खालच्या उत्तेजित पायरीवर थांबतो. हा नियम अमेरिकेच्या मायकेल काशा यांनी १९५०मध्ये मांडला. इथवरचा सगळा खेळ पिकोसेकंदांचा.

खालच्या पायरीवर मात्र रेणूला थोडी उसंत मिळते. काही दशक नॅनोसेकंद तो तिथे राहू शकतो. त्याने तिथूनच प्रकाश टाकला तर तो अतिनील असतो, काचेत अडकतो आणि नळीला दिसत नाही. म्हणून द्रवात लिटरला काही ग्रॅम एवढं दुसरं द्रव्य विरघळवलेलं असतं. त्याचं लांबलचक नाव सोडून देऊ. प्रयोगशाळेत त्याला पीपीओ म्हणतात. उत्तेजित टोल्युइन आपली ऊर्जा शेजारच्या टोल्युइनला देतो, तो पुढच्याला, आणि असं करत ती पीपीओच्या रेणूपर्यंत पोचते. बांधकामावर बायका ओळीने उभ्या राहून घमेली हातोहात वर पोचवतात, तशातला हा प्रकार. शेवटची उडी तर हातात न देताच पडते. दोन रेणूंमध्ये काही अंतर असलं तरी एकाची ऊर्जा प्रकाश न होता थेट दुसऱ्यात उतरू शकते, हे जर्मनीच्या थिओडोर फ्योर्स्टर यांनी १९४८मध्ये गणिताने दाखवलं. ऊर्जा मिळाल्यावर पीपीओ दीड-दोन नॅनोसेकंदांत ती प्रकाश म्हणून टाकून देतो. गरज असेल तर तिसरं द्रव्य तो प्रकाश आणखी निळसर करून नळीच्या आवडीचा बनवतं. एकूण सारा कारभार काही नॅनोसेकंदांत आटोपतो. चांगल्या द्रवात दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेमागे दहा हजारांच्या आसपास प्रकाशकण मिळतात. आपल्या इलेक्ट्रॉनची सरासरी ऊर्जा एकोणपन्नास हजार, म्हणजे वाट्याला येतात फार तर चार-पाचशे. काजव्यालाही लाजवील इतका मंद प्रकाश, पण मोजता येण्याजोगा.

डांबरगोळीपासून तुर्भ्यापर्यंत

ही चमक पहिल्यांदा नीट पकडली ती बर्लिनमध्ये, १९४७च्या सुमारास. हार्टमुट कालमान हे ज्यू वंशाचे शास्त्रज्ञ. १९३३मध्ये नाझी राजवटीने त्यांची नोकरी काढून घेतली होती. युद्ध संपल्यावर, उद्ध्वस्त शहरात, प्रयोगाला साहित्य कुठलं मिळणार? त्यांनी नॅप्थलीन वापरलं. म्हणजे आपण गरम कपड्यांच्या ट्रंकेत टाकतो त्या डांबरगोळीचं द्रव्य. किरणोत्सर्ग त्यावर पडला की ते चमकतं आणि ती चमक प्रकाशग्राही नळीने मोजता येते, हे त्यांनी दाखवलं. १९५०च्या सुमाराला तोच गुण द्रवांत सापडला. १९५६मध्ये अमेरिकेत रेन्स आणि कोवन यांनी अशाच हजारो लिटर द्रवाच्या टाक्यांत न्यूट्रिनो हा कण पहिल्यांदा पकडला. आपल्या टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे साडेसात हजार फूट खोल, १९६५मध्ये वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो टिपले, तेव्हाही हाच गुण कामी आला. फक्त द्रवाऐवजी प्लास्टिक होतं. आणि चीनमध्ये २०२५च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या जूनो प्रयोगात धुण्याच्या पावडरीच्या त्याच कच्च्या मालाचे वीस हजार टन एका गोलात भरलेले आहेत.

द्रवाच्या पोटातला हा पिकोसेकंदांचा खेळ बघायलाही यंत्रं लागतात. इलेक्ट्रॉनांचा एक अतिशय आखूड झोत द्रवावर सोडायचा आणि त्यानंतर काय काय तयार होतं नि विरतं ते प्रकाशाच्या साह्याने टिपत जायचं, ही पद्धत १९६०च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत सुरू झाली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८६मध्ये सत्तर लाख इलेक्ट्रॉन व्होल्टांचा त्वरक बसवून ती आपल्याकडे आली. पुढे पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातही अशी सोय झाली. बारामतीहून विद्यापीठ शंभर-सव्वाशे किलोमीटर. पण आमच्या किती पोरांना हे ठाऊक आहे? मी स्वतः वर्गात किती वेळा सांगितलं? खरं सांगायचं तर फार नाही. परीक्षेला नव्हतं.

बाटलीतही काटा मारतात

इथवर वाचून कोणाला वाटेल की वा, असा काटा मिळाला की ज्याला कोणी हात लावू शकत नाही. निसर्गाने अणू फोडायचे, द्रवाने चमकायचं, यंत्राने मोजायचं. मीही तसंच समजत होतो. माझा तो भ्रम कसा फुटला ते सांगितलं पाहिजे.

१९९५ सालची गोष्ट. महाविद्यालयीन शिक्षकांच्या एका उजळणी वर्गासाठी मी मुंबईला गेलो होतो. तिथल्या एका प्रयोगशाळेत असं चमक मोजणारं यंत्र होतं. मी आमच्या भागातल्या मळीच्या अल्कोहोलची छोटी बाटली बरोबर नेली होती. निव्वळ हौस. दहा मिलिलिटर अल्कोहोल, दहा मिलिलिटर चमकणारा द्रव. दुसऱ्या बाटलीत अल्कोहोलऐवजी तेलापासून बनलेला द्रावक. गणित म्हणत होतं, पहिल्या बाटलीत मिनिटाला छप्पन्न अणू फुटतील. उलट थोडे जास्तच, कारण १९५० आणि १९६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ वाढवून ठेवला होता. उत्तर गोलार्धात १९६३च्या सुमाराला तो जवळपास दुप्पट झाला होता, आणि १९९५मध्येही दहा टक्क्यांच्या आसपास वाढीव होता. (आता तो जवळजवळ मूळ पातळीवर उतरला आहे.) म्हणजे बाटलीत साठाच्या वर हवेत.

आम्ही बाटल्या यंत्रात ठेवून रात्रभर सोडल्या. घाई करून चालत नाही. पहिले काही तास तर बाटली नुसती अंधारात ठेवावी लागते, कारण नळीदिव्याचा उजेड लागला तरी द्रव उगाच चमकत राहतो. शिवाय अणू मनाला येईल तसे फुटतात. शंभर चमका मोजल्या तर दहाची चूक राहते, दहा हजार मोजल्या तर शंभराची, म्हणजे टक्काभर. सकाळी आकडा पाहिला. रिकाम्या बाटलीची आपोआप येणारी मोजणी वजा केली आणि हाती उरल्या मिनिटाला पस्तीसच्या आसपास. पंचवीसेक अणूंचा पत्ताच नाही!

प्रयोगशाळेतल्या वयस्कर तंत्रज्ञांना मी म्हटलं, "तुमच्या यंत्रात काहीतरी बिघाड आहे." ते शांतपणे म्हणाले, "यंत्र ठीक आहे, सर. तुमचं अल्कोहोलच प्रकाश खातंय."

ते खरं होतं. अल्कोहोलच्या रेणूला बेंझीनचं कडं नाही. त्याच्यात पडलेली ऊर्जा चमकेपर्यंत पोचत नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी, की टोल्युइनमध्ये उडालेला इलेक्ट्रॉन घरी परततो. अल्कोहोलमध्ये परततोच असं नाही. अल्कोहोलचे रेणू पाण्यासारखे एका टोकाला धन, एका टोकाला ऋण. मोकळा इलेक्ट्रॉन दिसला की ते त्याच्याभोवती वळून उभे राहतात, काही पिकोसेकंदांत त्याला घेरून टाकतात, आणि मूळ रेणूची ओढही त्याच गर्दीत कमजोर पडते. परतायचा तो तिथेच राहतो, आणि त्याच्या परतण्यातून येणारी चमक होतच नाही. त्यात द्रवात विरघळलेला हवेतला ऑक्सिजन उत्तेजित रेणूंना वाटेतच विझवतो. घमेल्यांच्या ओळीत मधेच कोणीतरी माती खाली ओतत राहावं तसं. काही चमका इतक्या मंद होतात की दोन्ही नळ्यांना दिसतच नाहीत, आणि यंत्र त्या नोंदवतच नाही. थोडक्यात काय, बाटलीतही काटामारी होते, आणि ती करतो खुद्द तोलला जाणारा माल!

मग खरं वजन कळायचं कसं? त्या तंत्रज्ञांनी जे केलं ते मी कधी विसरलो नाही. ज्यात मिनिटाला नेमके किती अणू फुटतात हे प्रमाणित आहे, असा कार्बन-१४चा एक थेंब त्यांनी माझ्याच बाटलीत टाकला आणि पुन्हा मोजलं. थेंबात मिनिटाला जेवढे अणू फुटत होते, त्यांतले शंभरातले सत्तावन्नच यंत्राला दिसले. म्हणजे ही बाटली शंभराचे सत्तावन्न दाखवते. मग आधीच्या पस्तिसाला त्या प्रमाणात वाढवलं, आणि उत्तर आलं एकसष्ट. गणिताने सांगितलं होतं तेवढंच.

मोजणी चुकली नव्हती. किती चुकते आहे हे न मोजता तिच्यावर विश्वास ठेवणं, ही चूक होती.

पावतीवर नाव कोणाचं?

आता दाजींच्या प्रश्नाचं उत्तर. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे पहिले प्रयोग आपल्याकडे २००१मध्ये झाले आणि त्यांतली दोन ठिकाणं महाराष्ट्रातली होती, मिरज आणि मनमाड. २००३पासून पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. दहा टक्क्यांचं उद्दिष्ट जून २०२२मध्ये गाठलं, आणि वीस टक्क्यांचं २०२५मध्ये. मळी एके काळी कारखान्यांना डोईजड व्हायची. तिचं सोनं झालं. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात साखर कारखान्यांच्या शेजारी आसवन्या उभ्या आहेत त्या याच जोरावर. तेव्हा टाकीतल्या इथेनॉलपैकी किती शेतात उगवलं आणि किती तेलविहिरीतून आलं, याचं उत्तर कार्बन-१४ चोख देतो. युरोपात इंधनातला जैविक अंश तपासायला ही चमक मोजण्याची पद्धत रीतसर वापरतात.

पण त्यापुढे हा काटा गप्प बसतो. आज देशात इथेनॉल मक्यापासून आणि तांदळापासूनही बनतं, आणि मक्याचा वाटा गेल्या काही वर्षांत फार वाढला आहे. मकाही गेल्या वर्षीचाच, त्याचा कार्बनही ताजाच. कार्बन-१३ नावाच्या दुसऱ्या, न फुटणाऱ्या भावंडाचं प्रमाण मोजून तांदूळ आणि ऊस यांत फरक करता येतो, कारण दोघांची कार्बन शोषण्याची रीत वेगळी. ऊस आणि मका मात्र एकाच रीतीचे. तिथे ही परीक्षाही अडखळते. आणि गंमत अशी, की पैसा नेमका तिथेच वेगळा होतो. २०२४-२५च्या हंगामासाठी सरकारने ठरवलेले दर पाहा: सी-हेवी मळीच्या इथेनॉलला लिटरला ५७ रुपये ९७ पैसे, बी-हेवीच्या ६० रुपये ७३ पैसे, थेट उसाच्या रसाच्या ६५ रुपये ६१ पैसे, आणि मक्याच्या ७१ रुपये ८६ पैसे. बाटलीतला रेणू एकच, त्याचे चार भाव! हा फरक कुठल्याही चमकेत दिसत नाही. तो असतो फक्त कागदावर, नोंदवहीत, गेटपासवर. म्हणजे पुन्हा माणसांवर.

दिवाळीत भाऊबिजेला बहिणीकडे गेलो तेव्हा हे सगळं दाजींना सांगितलं. ओसरीवर बसून ते तासभर ऐकत होते. पिकोसेकंद त्यांनी हात हलवून बाजूला सारला. इलेक्ट्रॉन घरी परतत नाही हे मात्र दोनदा विचारून घेतलं. सगळं झाल्यावर म्हणाले, "म्हंजी काटा बरोबर, पर पावतीवर नाव न्हाई."

मी म्हटलं, "तसंच."

थोडा वेळ गेला. बहिणीने चहा आणला. मग दाजी म्हणाले, "ते थेंबाचं पुन्हा सांगा. मास्तर, त्यो मानूस थेंब त्याच बाटलीत टाकतो न्हवं? दुसऱ्या बाटलीत न्हाई?"

"त्याच बाटलीत. म्हणून तर त्याच बाटलीतली चूक कळते."

"मंग आमी येड्यासारखं दोन काट्यांच्या दोन पावत्या घिऊन का हिंडलो? वजनमापवाल्या सायबाला म्हनायचं हुतं, तुमचं शिक्क्याचं वजन घ्या आन् ह्याच काट्यावर ठिवा. आमच्या भरल्या ट्रॉलीसकट ठिवा. काटा किती दावतोय ते समद्यांच्या म्होरं बघू."

माझ्याजवळ बोलण्यासारखं काही उरलं नाही. मला ती गोष्ट कळायला मुंबई, एक महागडं यंत्र आणि अख्खी रात्र लागली होती. पुढच्या आठवड्यात दाजींनी गावातल्या आणखी सहा जणांच्या सह्या घेऊन वैधमापन खात्याला अर्ज केला, हंगाम सुरू असताना, भरल्या वाहनासह काटा तपासावा म्हणून. अर्जाचा मसुदा माझ्याकडून लिहून घेतला. लिहिताना मी 'प्रमाणित वजन' असा शब्द घातला तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "त्याच काट्यावर, हे आधी लिवा."

तसं लिहिलं.